देवका, तू त्या दिवशी पेज प्याली नव्हती

इकडं ये वं देवका. जवळ ये. अशी ओसरीच्या टोकाले परक्या बाईसारखी काऊन बसली? मले आज तुह्यावर रागवायचं आहे, आणि तोंडानं रागवली तर माही सून आतून येऊन पाहीन का बुढी एकटीच कोणाशी बोलून राह्यली. म्हणून वहीत लिहून राह्यली. अक्षर माहं कसं आहे ते तुले माहीत आहे. वाकडं का होईना, मले येते, आणि तुले येत नव्हतं, म्हणून तू कधी हसली नाई त्याले.

तू गेली त्याले अठरा दिवस झाले. पुण्यानुमोदन झालं, भंतेजी येऊन गेले, खीर झाली. खीर मी एक चमचाच खाल्ली, डोळे वटारू नको. पाहुणे आपापल्या गावाले गेले. मंग परवा तुही सून अर्चना माह्याजवळ येऊन बसली. मी सुपात लाखोळीची डाळ निवडून राह्यली होती. म्हणाली, "मोठीआई, एक सांगू का? आईनं सांगू नको म्हटलं होतं." मी म्हटलं, सांग. तर म्हणते, "त्या दिवशी शुगर पाहायले गेल्या ना तुमी दोघी, तेव्हा आई उपाशीच होती. तुमी दिलेली पेज तिनं शेळीपुढं ओतली होती."

बस, एवढंच बोलली पोरगी. सूप माह्या मांडीवर होतं तसंच राह्यलं. नऊ वर्षं वं देवका. नऊ वर्षं तू हे पोटात ठेवलं आणि माह्या हातची भाजी खात राह्यली.

आता झालं काय होतं ते मले सांगू दे. तुले सारं माहीत आहे, पण अर्चना म्हणते का हे लिहिणं ती पौर्णिमेले विहारात वाचून दाखवणार आहे. तर बायकांले मुळापासून समजलं पायजे.

आपण दोघी जावा. मी मोठी, तू लहान. नागभीडकडून आरमोरीकडं जाताना लागते ते आपलं गाव, चारी बाजूनं धानाच्या बांध्या आणि बांध्या संपल्या का जंगल. आपल्या दोघींच्या घराले मधात एकच भिंत, आणि त्या भिंतीले एक भगदाड. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा बुजवू म्हणाले आणि राहून गेलं. बरं झालं राह्यलं. त्यातून विस्तव, मीठ, भाजी, भांडण, सारं इकडून तिकडं जाये.

तू लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुले चुलीजवळ बसवून सांगतलं होतं, "हे पाय, घरात माह्याशी पाहिजे तेवढी भांड. पण चारचौघांत मी एक बोलली तर तू दुसरं बोलू नको. दोन जावा दोन बोलल्या का गाव हसते." तू पदर दातात धरून मान हलवली. मले लय बरं वाटलं होतं. माही सासू मले जे सांगून गेली तेच मी तुले सांगतलं, आणि मले वाटलं आता मी खरी मोठी झाली.

घरात तू भांडली, खोटं काऊन बोलू. भगदाडात तोंड घालून भांडली. माह्या भाजीले नावं ठेवली, माह्या पोराचं नाव ठेवतानाबी तुहंच चाललं. पण उंबरठ्याबाहेर माहा शब्द तुह्यासाठी शेवटचा. धानाच्या रोवण्यात मी म्हटलं रोपं, आपले परे, दाट लावा, तर तू दाट लावे, आणि रात्री जेवताना भगदाडातून सांगे का विरळच पायजे होते. तीस वर्षं असंच चाललं.

मंग मले बीपी निघाला. वर्षभरानं तुलेबी निघाला. उपकेंद्रातून गोळ्या भेटायच्या. मी पोराच्या पुस्तकातून अक्षरं शिकलेली, गोळीच्या पाकिटावरचं नाव मले वाचता येये, म्हणून साऱ्या मोहल्ल्याची डॉक्टरीण मीच. माहा आपला एक सिद्धांत होता. बीपी होते खारट-तिखट खाणाऱ्याले आणि शुगर होते गोड खाणाऱ्याले. आपण मीठ-मिरचीच्या बायका, आपल्याले शुगर येणार कुठून? एका अंगात दोन बिमाऱ्या मावतच नाई. हे मी बोडीच्या काठावर पाण्यात कपडे धुताना सांगे आणि बायका ऐकत. तूबी मान हलवे.

ते रोवण्याचे दिवस होते. आशाताई घरोघरी सांगून गेली का उद्या बीपीवाल्या साऱ्यांची शुगर पाहणार आहेत, उपाशी पोटी या. मी सकाळी उठली आणि रोजच्यासारखी पेज प्याली. पेज म्हणजे काही खाणं नोहे ना. तांदळाचं पातळ पाणी आणि त्यात मीठ. आपल्या इकडच्या बाईनं दोन वाट्या पेज पिलेली असली आणि कोणी विचारलं जेवली का, तर ती नाईच म्हणते, आणि तिले ते खोटं वाटत नाई. एक गंज भरून तुलेबी भगदाडातून दिली. म्हटलं, पिऊन घे, रांगेत चक्कर येईन. तू हात पुढं करून घेतली. पुढचं मी पाह्यलं नाई.

उपकेंद्रात सिस्टरबाई होती, ती लांब वेणीवाली. तिनं आधी साऱ्यांले समजावून सांगतलं. म्हणाली, "बीपी आणि शुगर या दोघी जावा आहेत. एक घरात आली की दुसरीची वाट पाहायची. म्हणून ज्याला बीपी, त्याची शुगर आम्ही पाहतोच." बायका आपल्या दोघींकडं पाहून अशा हसल्या का सिस्टरले काही समजलंच नाई, कोणाचं काय चुकलं म्हणून.

तुहं बोट टोचलं. मशीनवर दोनशे चाळीस आला. सिस्टरनं तुह्याकडं पाहून विचारलं, काही खाऊन आली का बाई? तू तोंड उघडलं होतं. मले आता चांगलं आठवते, तू तोंड उघडलं होतं. पण बोलली मी.

"पेज प्याली ना ती, सिस्टरबाई. मीच दिली. म्हणून वाढून दिसून राह्यली."

सकाळी सात वाजता पेज म्हणजे पाणी होतं, आणि दहा वाजता माह्याच तोंडून तिचं जेवण झालं. मले टोचायची पाळी आली तर मी बोट मागं घेतलं. म्हटलं, मीबी प्याली आहे, माह्यासाठी मशीन कायले खराब करता. तिकडं रोवण्याच्या बाया आपल्या दोघींसाठी थांबल्या होत्या, मले घाई. सिस्टर म्हणाली, पेजेनं वाढते, खरं आहे, पण एवढी वाढली तर सोडून देता येत नाई, उद्या दोघीबी काही न पिता या. तिचं काही चुकलं नाई. तिनं दोनदा आशाताईच्या हाती निरोपबी धाडला.

मीच म्हटलं, रोवणा होऊ दे. मंग निंदण आलं, मंग कापणी, मंग खळ्यावरचा चुरणा. धानाचं काम संपते कधी? एकदा संध्याकाळी तू भगदाडातून विचारलं, "बाई, पुन्हा जाऊन येऊ का?" मी म्हटलं, तुले काय होऊन राह्यलं, घोड्यासारखी तर काम करते. तू भांडे घासत राह्यली. तेव्हा भांडायचं होतं वं. ते तर घरात होतं, तिथं तर मी तुले मोकळीक दिली होती.

हेच मी परवा अर्चनाले विचारलं, का तुह्या सासूनं घरी येऊनबी मले काऊन नाई सांगतलं? तर अर्चना म्हणे, तिनंबी तुले हेच विचारलं होतं. आणि तू म्हटलं, "त्या सिस्टरपुढं बोलून गेल्या होत्या. मी नाई म्हटलं असतं तर बाई खोट्या पडल्या असत्या. घरी सांगतलं असतं तर त्यांले उद्या सिस्टरपुढं जायची लाज वाटली असती."

पडली असती मी खोटी. काय झालं असतं? मी काय मातीची होती का फुटली असती? असा राग आला मले तुहा परवा, का मी उठली आणि भगदाडाजवळ जाऊन तुले चार शब्द बोललीबी. तिकडून तुही शेळी पाहत राह्यली माह्याकडं.

दोन वर्षं गेली तशीच. मंग तो रोवणा आला. संध्याकाळ व्हायच्या आधी आपण बांधीच्या धुऱ्यावर बसून पाय धुऊन राह्यल्या होत्या आणि तू कोणाच्या तरी सासूची नक्कल करून हसवून राह्यली होती साऱ्यांले. तुह्या पायावरचा चिखल निघाला आणि मले दिसलं, बोटाच्या बुडाशी बोराटीचा काटा, अख्खा आत गेलेला. मी म्हटलं, अवं काटा. तू आपल्याच पायाकडं पाहून म्हटलं, "कुठी?"

कुठी म्हणे. दुपारपासून त्या काट्यावर उभी राहून परे लावत होती तू, आणि तुले माहीत नव्हतं. शुगरनं तुह्या पायातला जीव केव्हाच नेला होता. आपल्याले कोणालेच समजलं नाई, कारण दुखत नव्हतं. न दुखणं ही बिमारी असते हे कोणाले माहीत?

त्यानंतरचं लांबवत नाई. पाय सुजला, गडचिरोलीले नेलं, दोन बोटं काढावी लागली. डॉक्टरनं विचारलं, शुगर कधीपासून आहे? मी म्हटलं, आताच निघाली साहेब. तू खाटेवरून माह्याकडं पाह्यलं. मले वाटलं दुखून राह्यलं असन. आता समजते का कशाले पाह्यलं.

त्या खाटेजवळ मी अकरा दिवस होती. रोज ठरवे का आज हिले सांगीन, तुले त्या दिवशी मी घाईनं घरी आणलं, चुकलं माहं. रोज तुहे केस विंचरे, वेणी घाले, आणि उठून जाये. माहं तोंड साऱ्या गावात चालते, आणि या एका वाक्याले नाई चाललं. पुढं सात वर्षं भेटली मले, तरी नाई. मी आपली समजत होती का तुले तो दिवस आठवतबी नसन.

पण एक झालं. त्या दोन बोटांसंगं तुही ती मान हलवायची सवयबी गेली. आणि याच्यासाठीच ही वही उघडली मी, नुसतं रागवायले नाई उघडली.

तीन-चार महिन्यांनी विहारात वंदना झाल्यावर बायका बसल्या होत्या. एकजण म्हणे डोकं दुखते, बीपीची गोळी रोज घेऊ का? मी सतरंजीवर ऐसपैस बसून सांगतलं का रोज घ्यायची काही गरज नाई, डोकं दुखलं तरच घ्यायची, रोज घेतली का अंगाले सवय पडते. तू मागं दाराजवळ बसली होती, पायाले पट्टी, हातात काठी. तू काठी टेकवून उठली.

"बाई चुकीचं सांगून राह्यल्या," तू म्हटलं.

तीस वर्षांत पहिल्यांदा. साऱ्या बायका तुह्याकडं वळल्या. आणि तू थांबली नाई. म्हटलं, गोळी रोज घ्यायची, दुखो का न दुखो. आणि इथी जितक्या बीपीवाल्या आहात तितक्यांनी शुगर पाहून घ्या, माह्या पायाकडं पाहा आणि जा. "सगळ्यात आधी मी बाईले नेते."

मी चार दिवस तुह्याशी बोलली नाई. भगदाडाले पोतं लावलं. पाचव्या दिवशी सकाळी तू समोरच्या दारानं आली, माह्या चुलीवरची पेजेची गंज फडक्यानं उचलली, मांडीवर घेतली आणि उंबरठ्यावर बसली.

"दे माही पेज."

"नाई देत."

"घर माहं, चूल माही, तांदूळ माहे."

"शुगरबी तुमचीच निघन. चाला."

आमचे हे खाटेवर बसून हसून राह्यले होते. नवरा आपला, पण एक शब्द माह्या बाजूनं बोलला नाई. मी तरातरा निघाली. तू मागून काठी टेकत. रागानं मी पुढं जाये, आणि मंग चपलेचा पट्टा ठीक करायचं सोंग करून थांबे, तू गाठेपर्यंत. तू जवळ आली का पुन्हा तरातरा. उपकेंद्रापर्यंत पट्टा चारदा ठीक केला मी, आणि पट्टा चांगला मजबूत होता.

माहीबी निघाली शुगर. तुह्याएवढी नाई. सिस्टर म्हणाली, नुकतीच आली दिसते, वेळेवर आल्या बाई, आता गोळी घ्या आणि भात आवरा. मी पदर तोंडाले लावून रडली. तू म्हटलं, "रडता कायले? लहान जाऊ आली घरात, तिच्यावर नजर ठेवा, बस."

त्याले सात वर्षं झाली देवका. मी सत्तरीची झाली. मले अजून सुईत दोरा घालता येते. सकाळी मोहफुलं वेचायले जाते बायकांसंगं, वाघाच्या भ्यानं मोठमोठ्यानं बोलत, आणि चप्पल ओल्या पानावर घसरते म्हणून हातात घेतली का तळव्याले खडा टोचते. मले टोचते, समजलं का. लागलं का मी ओय म्हणते आणि त्याच दमात तुहं नाव घेते. बाकीच्या म्हणतात, खड्याचं आणि देवकाचं काय? मी त्यांले काही सांगत नाई. आता वाचतील तेव्हा समजन.

माहे पाय, माहे डोळे हे तुहं देणं होय. मी तुले लग्न होऊन आली तेव्हापासून स्वयंपाक शिकवला, लुगडं नेसणं शिकवलं, त्याचं मोल मी कितीदा तरी तुले ऐकवलं. आणि तू मले एवढं देऊन एकदाबी ऐकवलं नाई.

आणि नुसती मीच नाई. मंगळवारी दुपारी विहाराच्या चौथऱ्यावर तुहा तो दरबार भरे. बायका पाय लांब करून बसत आणि तू नाकावर चष्मा ठेवून एकेकीच्या बोटांच्या मधात पाहे, कुठी चिर आहे, कुठी फोड आहे. लाजली कोणी तर म्हणे, तोंड झाकून घे, मले पाय पायजे. पाटलाच्या घरची काकू, जी आपल्या घरचा चहा टाळायले तोवर काही ना काही कारण काढे, तीबी आली एका मंगळवारी. लांब उभी राह्यली. तू हात करून बोलावलं, तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि म्हटलं, "काकू, चिखल तर आमच्याच बांधीचा दिसते." ती हसली आणि पुढं दर मंगळवारी आली. तुह्या पुण्यानुमोदनाले ती आली होती. जेवलीबी. तू पाहायले पायजे होती.

आणि त्या चपला तुह्या. दवाखान्यातून भेटलेल्या, मऊ काळ्या रबराच्या, कुष्ठाच्या रोग्यांले देतात तशाच. मार्कंड्याच्या जत्रेत आपण दोघी गेल्या होत्या. देवळासाठी नाई वं, आपल्याले जत्रा पाहायची होती आणि पाटा-वरवंटा घ्यायचा होता. तिथं एका बाईनं तुह्या चपला पाह्यल्या आणि पोराले मागं ओढलं. माहं तोंड कडू झालं, मी तिच्या अंगावर जाणारच होती. तू मले हातानं थांबवलं, तिले जवळ बोलावलं, आणि तिथंच वाळूत बसून तिले विचारलं, बीपी आहे का तुले? होता. शुगर पाह्यली का? नव्हती पाह्यली. अर्धा घंटा नदीच्या काठावर बसली तू तिच्यासंगं. वरवंटा राहून गेला घ्यायचा. मी परत येताना सारा रस्ता कुरकुर केली. आज वाटते, ती बाई कुठली होती, गेली असन का पाहायले?

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राह्यलं. मोहफुलाचं. मी म्हणे झाडाचं गोड म्हणजे साखर नोहे, जंगलानं दिलेलं कायले बाधन? तू म्हणे, "बाई, अंगाले काय माहीत झाडावरचं का दुकानातलं?" तू गेली त्या दिवशी सकाळीबी हेच चाललं होतं. मी उकडलेल्या मोहफुलांचा गोळा हातात घेतला होता, तू भगदाडातून हात घालून तो काढून घेतला आणि शेळीले टाकला. मी म्हटलं, शेळीले शुगर झाली तर पाप तुले. तू हसत हसत आत गेली. दुपारी जेवून आडवी झाली आणि उठली नाई. डॉक्टर म्हणे, हृदय थकलं होतं. बीपी आणि शुगर दोघींनी मिळून इतकी वर्षं ओढलं त्याले.

ती पहिली दोन वर्षं गेली नसती तर तू आज असती का? मले नाई सांगता येत. सिस्टरले विचारलं तर ती म्हणे असं बोलू नये. पण मी बोलते. माह्या एका वाक्यानं तुही दोन वर्षं गेली, आणि तुह्या एका वाक्यानं मले सात भेटली, अजून भेटून राह्यली. माही चूक झाली देवका. खाटेजवळ बसून नाई म्हणता आलं ते इथी लिहिलं. पौर्णिमेले साऱ्यांपुढं वाचलं जाईन, आणि मी सतरंजीवर बसून ऐकीन.

आता एक शेवटची गोष्ट, ती ऐकून जा.

अर्चनानं सांगतल्यावर माह्या मनात आलं, तुले जे मी चुलीजवळ सांगतलं तेच मी माह्या सुनेलेबी सांगतलं होतं. संगीता आली त्याच दिवशी, त्याच चुलीजवळ. चारचौघांत सासू एक बोलली तर सुनेनं दुसरं बोलू नये. अठरा वर्षं झाली, पोरगी दुसरं बोललीच नाई. तर मी तिले बोलावलं आणि म्हटलं, संगीता, मी तुले पहिल्या दिवशी जे सांगतलं ते परत घेते. मी चुकली तर कोणाहीपुढं सांग. तर ती मान हलवून म्हणते, "हो बाई." आता याले काय म्हणावं? त्यालेबी हो बाई.

काल सकाळी आशाताई गोळ्या घेऊन आली. ओसरीवर बसली, शेजारच्या तिघी-चौघी होत्या, पाटलाची काकूबी होती. आशाताईनं विचारलं, आजी, गोळ्या बरोबर घेऊन राह्यल्या ना? मी म्हटलं, हो तर, रोज.

संगीता आत कणीक मळून राह्यली होती. ती दारात आली. हाताले पीठ, आवाज इवलासा.

"नाई ताई. लहानीआई गेल्यापासून बाईनं पाच दिवस गोळी घेतली नाई. मी पाकीट पाह्यलं."

माहे कान तापले देवका, खोटं नाई सांगत. माहीच ओसरी, शेजारच्या बायका समोर, आणि माही सून मले खोटी पाडून राह्यली. तोंडाशी आलं होतं, तुले कोणी विचारलं. आलं होतं आणि मी गिळलं. पोरगी दाराची चौकट धरून उभी, पीठ लागलं चौकटीले. मी म्हटलं, "खरं सांगते ती. पाणी आण वं संगीता." तिनं आणलं. साऱ्यांपुढं मी गोळी घेतली. काकू म्हणे, देवका असती तर पाचही दिवसांच्या एकदम खाऊ घातल्या असत्या. आशाताई म्हणे, नाई बाई, तसं नसते करायचं. तेवढ्या दुःखातबी आमी हसल्या.

पण संगीता मंग जी आत गेली ते दुपारपर्यंत बाहेर आली नाई. माह्याकडं पाहेना. तिले वाटते मी मनात धरलं. मी दोनदा आवाज दिला, तर हो बाई, हो बाई, पुन्हा तेच. आता मी तिले भांडायले कशी शिकवू? माह्याशीच भांडायचं तिनं, आणि मीच शिकवायचं? हे माह्यानं नाई होत. हे काम तुहं होतं.

आपल्या धम्मात आत्मा-गित्मा काही नसते, मले ठाऊक आहे, मले शिकवू नको. तरी म्हणते, ये एकदा. माह्यासाठी नको येऊ. मले जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं. संगीताच्या मागं उभी राह्य, दोन दिवस, जास्त नाई. मी चुकीचं बोलली का तिच्या पाठीले बोट लाव. काल ती एक वाक्य बोलली, उद्या दुसरं बोलायच्या आधी भिऊन जाईन. तिची हिंमत अजून ओली आहे. लवकर ये वं देवका.